खारीला नुसते झाड पुरत नाही, वाटही लागते

पुण्यातील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आवारात पूर्वी चौदा मोठी झाडे होती. काही वादळात पडली, काही तोडावी लागली आणि आता आठ उरली आहेत. तरीही खारी कमी झालेल्या दिसत नाहीत. उलट पूर्वी झाडावर दिसणाऱ्या खारी आता गॅलरीत, एसीच्या मागे, विजेच्या मीटरच्या खोलीत, अशा सगळीकडे दिसतात. एवढासा प्राणी शहरात इतका कसा तगतो, आणि संस्थेचा पुनर्विकास तोंडावर आला असताना या खारींसाठी काही करता येईल का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी प्राणिशास्त्र शिकवत आले आणि गेली बावीस वर्षे घरट्यातून पडलेली, मांजराने पकडलेली, फांदीसकट खाली आलेली खारीची पिल्ले वाढवून परत सोडण्याचे काम करते आहे. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहिते.

प्रश्नातील एक गोष्ट आधी दुरुस्त केली पाहिजे, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. खारी गॅलरीत जास्त दिसू लागल्या म्हणजे त्या संख्येने वाढल्या, असे होत नाही. झाडाच्या शेंड्याला वावरणारी खार आपल्याला दिसतच नाही, फक्त तिचा आवाज ऐकू येतो. झाडे कमी झाली की तीच खार भिंतीवर, पाइपवर, खिडकीच्या सज्जावर उतरते आणि दिवसातून दहा वेळा नजरेस पडते. तुमच्या आवारात जे घडले आहे ते बहुधा असेच आहे. खार शहरात तगते हे खरे आहे, परंतु ती कशाच्या बळावर तगते हे समजून घेतले तर ती कधी आणि कशी नाहीशी होते, तेही कळते.

महाराष्ट्रात घराभोवती दिसणाऱ्या खारी दोन जातींच्या आहेत. एकीच्या पाठीवर तीन फिकट पट्टे असतात, दुसरीच्या पाठीवर पाच. पाचातील बाहेरचे दोन पट्टे पुसट असल्यामुळे घाईत पाहणाऱ्याला तीही तीन पट्ट्यांचीच वाटते, म्हणून ती कुशीवरून पाहावी. तीन पट्ट्यांची खार मुख्यतः दक्षिणेकडील द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळते. पाच पट्ट्यांची उत्तर व मध्य भारतातील कोरड्या मुलखापासून थेट इराणपर्यंत पसरलेली आहे. महाराष्ट्र दोघींच्या सीमेवर असल्याने आपल्याकडे दोन्ही भेटतात. कोकणात आणि गोव्यात तिला चानी म्हणतात. सेतू बांधताना वाळू वाहून आणणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरवली आणि तिथे पट्टे उमटले, ही गोष्ट आणि तिच्यातून आलेला ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत आहे. शास्त्रज्ञांनी या दोन्ही जातींच्या वंशाला दिलेले नाव ‘फुनाम्बुलस’ असे आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोरीवरून चालणारा. शहरातील खारीचे सारे गुपित या एका नावात आहे, असे मला वाटते.

तिच्या अंगापासून सुरुवात करू. पूर्ण वाढलेल्या खारीचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम भरते. एवढे हलके शरीर करंगळीएवढ्या डहाळीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर किंवा इंटरनेटच्या केबलवर सहज पेलते. उंचावरून निसटली तरी पाय फाकवून, शेपूट पसरून ती अंग चपटे करते, त्यामुळे पडण्याचा वेग फार वाढत नाही. तिसऱ्या मजल्यावरून मातीत पडून लगेच उठून पळालेली खार मी स्वतः पाहिलेली आहे. कडुनिंबाच्या खोडावरून ती डोके खाली करून उतरत असेल तेव्हा तिच्या मागच्या पावलांकडे नीट पाहा. घोट्यातून ती पावले जवळजवळ उलटी वळलेली असतात, नखे वरच्या बाजूने सालीत रुतलेली असतात आणि सारे अंग त्या नखांवर टांगलेले असते. मांजराची पावले अशी वळत नाहीत, म्हणून ते झाडावर चढते तितक्या सफाईने उतरू शकत नाही. हीच नखे खडबडीत गिलाव्याच्या भिंतीवर, विटांच्या सांध्यांत, सांडपाण्याच्या पाइपाच्या जोडांवर तेवढेच काम देतात. जुन्या इमारतींच्या भिंती खारीच्या दृष्टीने झाडाच्या खोडाहून फारशा वेगळ्या नाहीत. नव्या इमारतींच्या काचेच्या आणि गुळगुळीत टाइल लावलेल्या भिंतींवर मात्र तिला पाय टेकायला जागा उरत नाही.

आता खाण्याविषयी. शहरात तगणाऱ्या बहुतेक प्राण्यांप्रमाणे खारही एकाच खाद्यावर अवलंबून नसते, पण ‘ती काहीही खाते’ एवढे म्हणून भागत नाही, कारण तिच्या खाण्याला वर्षाचे वेळापत्रक आहे. शिशिरात पानगळ झालेल्या काटेसावरीला आणि पांगाऱ्याला फुले येतात तेव्हा ती फुलात तोंड खुपसून मध चाटते, आणि बाहेर येते तेव्हा नाकाभोवतीच्या केसांना पराग चिकटलेले असतात. पळस, सिल्व्हर ओक, शेवगा यांच्या फुलांवरही तिचे असेच चालते. उन्हाळ्यात रेन ट्रीच्या चिकट गोड शेंगा, चिंचा, आंबे. पावसाच्या तोंडावर जांभळे. पुढे पेरू आणि सीताफळ. या सगळ्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत तिला सांभाळतात ते वड, पिंपळ, उंबर आणि नांदरुक. फळझाडे आपापल्या हंगामात एकदमच फळतात, पण या कुळातील झाडांची फळण्याची वेळ झाडागणिक वेगळी असते. एक पिंपळ संपला की चार रस्ते पलीकडचा उंबर सुरू झालेला असतो. शहरातल्या एखाद्या भागात या कुळातील पाच-सहा मोठी झाडे असतील तर तिथल्या खारींना वर्षात उपाशी महिना येत नाही. म्हणून कोणी मला खारींसाठी एकच झाड सुचवा म्हणाले, तर मी उंबर सांगते.

याखेरीज सालीखालच्या अळ्या, वाळवी, मुंग्यांची अंडी हे ती आवडीने खाते आणि संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडीही पळवते. हे सांगितले की अनेकांना वाईट वाटते, परंतु बुलबुल आणि खार यांचा हा जुना व्यवहार आहे आणि बुलबुलही आपले घरटे राखायला शिकलेले असतात. माणसाच्या हातचे अन्न, म्हणजे देवळाच्या पारावरचे शेंगदाणे, पक्ष्यांसाठी टाकलेली ज्वारी, कचराकुंडीतील पोळीचे तुकडे, हे या सर्वांवरचे वाढप आहे. शहरातील खार माणसाच्या उष्ट्यावर जगते असा समज आहे, तो मला बरोबर वाटत नाही. उष्टे भरपूर आणि झाड एकही नाही अशा बाजारपेठेत उंदीर-घुशी भरपूर असतात, खार क्वचितच असते.

थंड देशांतील खारींना हिवाळ्यासाठी बिया पुरून ठेवाव्या लागतात, तसे महिनोन्‌महिने उपासाचे संकट आपल्या खारीपुढे नसते आणि ती हिवाळी झोपही घेत नाही. तिचे संकट वेगळे आहे, ते म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतील दुपार आणि पाणी. त्या दिवसांत ती पहाटे उजाडल्यावर आणि ऊन कलल्यावर हिंडते. मधल्या वेळात सावलीतल्या आडव्या फांदीवर चारी पाय सोडून पोटावर पसरलेली असते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी, गच्चीवरच्या टाकीची गळती, तुळशीच्या कुंडीखालची बशी हे तिचे पाणवठे असतात.

घरटे ही तिच्या शहरी आयुष्यातील सर्वांत नवलाची गोष्ट आहे. एका जूनमध्ये पिल्ले मोठी होऊन निघून गेल्याचे पक्के झाल्यावर मी एसीच्या मागचे एक घरटे काढून वर्तमानपत्रावर उलगडले होते. आकार सोललेल्या नारळाहून थोडा मोठा आणि दार कुशीला होते. बाहेरचा थर नारळाच्या काथ्याचा होता. तो दारातल्या पायपुसण्यातून ओढून आणलेला होता, कारण त्या पायपुसण्याचा कोपरा मी स्वतः महिनाभर झिजताना पाहत होते. त्यानंतर सुतळी, गवताच्या काड्या, अशोकाच्या पानांच्या वाळलेल्या शिरा, आणि मध्येच राखीचा लाल गोंडा. आतला थर मात्र अतिशय मऊ होता: गादीतला कापूस, काटेसावरीची म्हातारी, कुत्र्याचे केस, आणि यांत हात घातला तरी एकही टोचणारी काडी लागली नाही. बाहेरच्या थराला पाऊस निथळवायचा असतो आणि आतल्याला उघड्या कातडीच्या पिल्लांना ऊब द्यायची असते. सामान शहरातले असले तरी बांधणी तीच राहते. खारीला घरट्यासाठी लागते ते फांदीचे बेचके, ढोली किंवा तिन्ही बाजूंनी बंद अशी एखादी फट. शहरातील इमारतींत अशा फटींची कमतरता नसते. शिवाय मादी सहसा एकाच घरट्यावर विसंबत नाही. पहिल्याला धोका वाटला, पिसवा झाल्या किंवा कोणी हात घातला, की ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेऊन ठेवते. ही सवय पुढे पिल्लांविषयी लिहिताना पुन्हा कामाला येणार आहे.

गर्भधारणेनंतर पाच-सहा आठवड्यांत दोन-तीन, कधी चार पिल्ले होतात. जन्मतः ती गुलाबी, केस नसलेली आणि डोळे मिटलेली असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोळे उघडतात आणि दोन-अडीच महिन्यांत ती स्वतंत्र होतात. मादीला वर्षात एकापेक्षा अधिक वेळा पिल्ले होऊ शकतात. मृत्यू पुष्कळ, पण भरपाईही लवकर, असे हे गणित आहे. या ठिकाणी शेकरूशी तुलना करून पाहावी. शेकरू हा आपला राज्यप्राणी आणि खारीच्याच कुळातला. पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर भीमाशंकरच्या रानात तो आहे, पण पुण्यात तो कधीही येऊन राहणार नाही. त्याचे वजन दीड-दोन किलो असते, एका वेळी एक किंवा दोनच पिल्ले होतात, घरटे उंच झाडाच्या शेंड्याजवळ बांधावे लागते आणि जमिनीवर उतरणे तो शक्यतो टाळतो. झाडाच्या फांदीला पुढच्या झाडाची फांदी लागलेली असेल तिथपर्यंतच त्याचे राज्य असते. मधले दहा मीटर उघडे पडले की शेकरूसाठी ती नदीच होते. खार हे दहा मीटर जमिनीवरून धावून, भिंतीवरून चालून किंवा तारेवरून ओलांडते. दोघांचे कूळ एक आणि खाणे बरेचसे सारखे असूनही एक अभयारण्यात आणि दुसरी आपल्या गॅलरीत, यामागचे मुख्य कारण मी हेच मानते. शहर म्हणजे हिरवळीचे तुकडे, आणि तुकडे जोडून घेता येणे ही खारीची खरी ताकद आहे.

माणसाची सवय करून घेणे ही दुसरी ताकद. पण तीसुद्धा आंधळी नसते. रोज बाकावर बसणाऱ्या आजोबांपासून दोन हातांवर खार शेंगदाणा सोलत बसते; मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन पंजांत शेंग फिरवत, टरफलाला एका टोकाला छिद्र पाडून आतला दाणा काढताना तिला मी पुष्कळदा मिनिटभर मान वर न करता पाहिलेले आहे. त्याच बाकाजवळ अनोळखी लहान मूल धावत आले की ती क्षणात खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते, आणि मूल खोडाला वळसा घालेल तशी तीही वळसा घालत राहते. मांजर दिसले तर मात्र ती लपत नाही. सुरक्षित उंचीवर बसून, प्रत्येक आवाजासरशी शेपटीला झटका देत, टोकदार ‘चिप्‌ चिप्‌’ असा गजर ती कितीतरी वेळ चालू ठेवते. त्या गजरात साळुंक्या, बुलबुल आणि दयाळही सामील होतात, आणि दबा धरून बसण्यात अर्थ उरला नाही हे लक्षात येऊन मांजर उठून जाते. शिक्रा, घार, कावळा आणि धामण यांचाही तिला धोका असतो, परंतु आपल्या शहरांत माझ्याकडे आलेल्या जखमी खारींपैकी सर्वाधिक मांजराच्या तोंडातून सुटलेल्या असतात.

परदेशातील दोन उदाहरणे या विषयाला उपयोगी आहेत. अमेरिकेतील शहरांत आज सर्रास दिसणारी करडी खार ही तिथल्या जंगलातली. शहरांत ती एकोणिसाव्या शतकात माणसांनी मुद्दाम आणली. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये तीन खारी सोडण्यात आल्या, १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही सोडल्या, त्यांच्यासाठी खोकी बांधली आणि लोकांनी त्यांना खाऊ घातले. बागा मोठ्या झाल्या, झाडे वाढली आणि मग त्या खारी स्वतःच्या बळावर पसरल्या. दुसरे उदाहरण आपल्याच पाच पट्ट्यांच्या खारीचे. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये तिला सोडण्यात आले आणि शतक उलटून गेल्यावरही ती प्राणिसंग्रहालयाच्या आसपासच्या वस्तीत टिकून होती. मूळ देशापासून समुद्रापार, अनोळखी झाडांमध्ये, माणसांच्या घरांभोवती ती जगली, यावरून तिच्या अंगी किती जुळवून घेणे आहे ते दिसते. मात्र आपल्या शहरांत खार कोणी आणून सोडलेली नाही. वाडे, बागा आणि शेतांच्या बांधांवर ती होतीच, शहर तिच्या भोवती वाढले. त्यामुळे तिची येथील मुळे ही त्या जुन्या बागांच्या उरलेल्या झाडांत आहेत.

आता वाटेविषयी. माझ्या घरामागच्या गल्लीत एक मोठा रेन ट्री होता. त्याच्या एका बाजूला आंब्याची दोन झाडे, दुसऱ्या बाजूला एका बंगल्याच्या आवारातला उंबर आणि पुढे जुनी दगडी भिंत. २०१४ पासून मी त्या गल्लीतल्या खारींच्या ये-जा करण्याच्या नोंदी ठेवत होते. सकाळी आंब्यावरून निघालेली खार रेन ट्रीच्या फांद्यांवरून उंबरावर जाई, भिंतीवरून मागच्या चाळीत उतरे आणि त्याच वाटेने परत येई. खारीचा वावर फार मोठा नसतो. पाच-सात झाडे आणि त्यांना जोडणारी एक वाट एवढे तिचे गाव. एका पावसाळ्यात रेन ट्री पडला. आंबा तसाच होता, उंबर तसाच होता, खायला कमी पडले असे काहीही नव्हते. पण मधे पंचवीस फुटांचा वाहता रस्ता उघडा पडला. पहिल्या दोन महिन्यांत रस्त्यावर चिरडलेल्या तीन खारी मी उचलल्या. वर्षभरात आंब्यावरच्या खारी दिसेनाशा झाल्या, कारण आंब्याचा मोहोर आणि फळे संपल्यावर उरलेले महिने काढायला त्यांना उंबराकडे जाता येत नव्हते. झाडांची मोजणी करणाऱ्याच्या कागदावर त्या गल्लीत फक्त एक झाड कमी झाले होते.

तुमच्या आवारातील चौदातली सहा झाडे गेली, तेव्हा नेमके काय गेले हे म्हणून पाहावे लागेल. सहा झाडे गेली आणि वाट शिल्लक राहिली, तर खारी राहतात. एकच झाड गेले आणि वाट तुटली, तर राहत नाहीत.

तारा आणि केबल या तुटलेल्या वाटेला काही प्रमाणात पर्याय देतात आणि खारी त्यांचा भरपूर वापर करतात. इन्सुलेशन असलेली केबल तिला अपाय करत नाही. उघड्या तारांच्या जोडांवर आणि रोहित्रांवर मात्र दोन टोकांना एकाच वेळी स्पर्श होऊन ती मरते. मकर संक्रांतीच्या सुमारास काच लावलेला आणि नायलॉनचा मांजा फांद्यांत अडकून राहतो, त्यात पाय कापलेल्या खारी मार्चपर्यंत येत राहतात. उंदरांसाठी लावलेल्या चिकट पट्ट्या, उघड्यावर ठेवलेले विष, आणि झाकण नसलेली पाण्याची पिंपे ही उरलेली कारणे. पिंपात एक खडबडीत फळी तिरकी सोडून ठेवली तरी त्यातला एक मृत्यू टळतो.

तक्रारींचाही विचार केला पाहिजे, कारण संस्थेच्या बैठकीत तुम्हाला त्या ऐकाव्या लागतील. खारीचे पुढचे दात, वरचे दोन आणि खालचे दोन, आयुष्यभर वाढत राहतात आणि सतत कुरतडून ते झिजवावे लागतात. केबल, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकच्या टाकीची झाकणे यांचे नुकसान त्यातून होते आणि ते खरे नुकसान आहे; कोकणातल्या नारळ-चिकूच्या बागायतदाराला तर ते वर्षभर सोसावे लागते. यावर उपाय म्हणजे केबल लवचीक धातूच्या किंवा जाड नळीतून नेणे आणि एसीच्या पाइपाभोवतीची भोके जाळी लावून बुजवणे. भोक बुजवण्याआधी आत पिल्ले नाहीत याची खात्री करणे आवश्यक आहे. पिल्ले आत असताना भोक बंद केले तर ती उपासमारीने मरतात आणि आई बाहेरून कुरतडून दुप्पट नुकसान करते. घरटे दिसले तर दोन-अडीच महिने थांबावे, ये-जा थांबल्याचे आठवडाभर पाहावे आणि मग जागा बंद करावी. खार चावण्यामुळे माणसाला रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी मानली जाते. तरीही कोणताही वन्य प्राणी चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून डॉक्टरांना दाखवावी.

खायला घालावे का, हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जातो. पाणी जरूर ठेवावे. शेंगदाणे घालायचेच असतील तर कच्चे, बिनमिठाचे आणि मोजके घालावेत. फरसाण, बिस्किटे आणि पाव घालू नयेत. रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी खाणे टाकले की मांजरालाही ती वेळ कळते.

पडलेले पिल्लू सापडले तर पहिली दहा मिनिटे महत्त्वाची असतात. ते हाताला गार लागत असेल तर त्याला काहीही पाजू नये. आधी मऊ फडक्यात गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून ऊब द्यावी. अंगात ऊब नसताना पाजलेले पचत नाही आणि ड्रॉपरने घाईघाईत पाजलेले फुप्फुसात जाते. मला मिळालेली पिल्ले भुकेने जितकी दगावली त्याहून अधिक प्रेमाने पाजलेल्या गाईच्या दुधाने दगावली आहेत. पिल्लाला जखम नसेल तर ते खोलगट टोपलीत ठेवून, टोपली घरट्याखाली मांजराच्या आवाक्याबाहेर फांदीला बांधावी आणि लांब जाऊन उभे राहावे. आई दिवसाउजेडी येते आणि वर सांगितल्याप्रमाणे तोंडात धरून घेऊन जाते. माणसाचा वास लागला की ती पिल्लू टाकून देते, हा समज खरा नाही. अंधार पडेपर्यंत ती आली नाही किंवा पिल्लू जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिंजऱ्यात पाळण्याचा विचार करू नये.

आता तुमचा पुनर्विकास. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यास परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिलेले आहे. तुमच्या आठपैकी किती झाडे त्या वयाची आहेत ते आजच नोंदवून घ्या. परंतु परवानगीच्या अर्जात प्रत्येक झाड सुटे मोजले जाते आणि त्याच्या बदल्यात रोपे लावण्याचे आश्वासन दिले जाते. कुंपणालगत ओळीने लावलेल्या रोपांना ढोली आणि आडवी फांदी यायला कितीतरी वर्षे लागतात, आणि तोवर खार थांबू शकत नाही. म्हणून आराखडा ठरण्यापूर्वी संस्थेतील मुलांना आणि निवृत्त मंडळींना बरोबर घेऊन पंधरा दिवस सकाळी सात ते नऊ या वेळेत खारींच्या वाटा नकाशावर काढा. सेंट्रल पार्कमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी अशाच प्रकारे फिरून ३,०२३ नोंदी केल्या होत्या. तुमच्या आवाराला एक वही पुरेल. कोणत्या झाडावरून कोणत्या झाडावर, कोणत्या भिंतीवरून, कोणत्या केबलवरून त्या जातात हे रेघांनी दाखवले की कोणती तीन-चार झाडे काहीही झाले तरी राखायची, हे वास्तुविशारदालाही एका नजरेत दिसेल. तोडणी आणि छाटणी करणाऱ्यांना फांदीवर करवत ठेवण्यापूर्वी घरटे पाहण्याची अट करारातच घाला. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत एका आवारातून एकाच दिवशी अकरा पिल्ले माझ्याकडे आली होती. त्या फांद्या खाली उभे राहून पाहिल्या असत्या तरी घरटी दिसली असती.

आणि जिथे वाट तुटणे टळणार नाही, तिथे दोर बांधा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील लाँगव्ह्यू या गावी १९६३ मध्ये एमॉस पीटर्स नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने रस्ता ओलांडताना मरणाऱ्या खारींसाठी आगीच्या बंबाचा जुना पाइप आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून रस्त्यावरून एक छोटा पूल टांगला, आणि खारींनी तो वापरला. तेवढ्या खटाटोपाचीही तुम्हाला गरज नाही. मनगटाएवढा जाड काथ्याचा दोर, दोन्ही टोकांना खोडाला न कापता रबरी पट्ट्यावरून बांधलेला, वाहनांच्या उंचीच्या वर आणि विजेच्या तारांपासून लांब, एवढे पुरते. बांधकामाचे पत्रे उभे राहण्याच्या आधी दोन-तीन महिने तो बांधा, म्हणजे जुनी वाट असतानाच नवी त्यांच्या पायाखालची होईल. माझ्या गल्लीत उंबराच्या आणि दुसऱ्या बाजूच्या आंब्याच्या मधे आम्ही असा दोर बांधला, तेव्हा पहिले आठ दिवस त्यावर फक्त मुंगळे चालत होते. नवव्या दिवशी सकाळी एक खार आंब्याच्या टोकाला आली, दोराचा वास घेतला, चार पावले टाकून परत फिरली, पुन्हा आली, आणि तिसऱ्या खेपेला उंबरापर्यंत जाऊन पोहोचली.